किल्ल्यांची फळी

या गल्लीत पूर्वी कुणी घराबाहेर पडलं की किल्ली कोपऱ्यावरच्या घरात टाकायचं. टाकायचं म्हणजे अक्षरशः टाकायचं. थांबून, विचारपूस करून, हातात द्यायला वेळ कुणाला होता? कारखान्याचा भोंगा होऊन गेलेला असायचा, एका हातात सायकल, दुसऱ्या हातात डबा, आणि खिडकीतून किल्ली आत. खिडकीपाशी शिलाईकाकू मशीनवर बसलेल्या असत. त्या मान वर न करता विचारत, "गॅस बंद केलास?" समोरचा "केला" म्हणायचा आणि निम्म्या वेळा केलेला नसायचा. मग काकूच जाऊन बंद करून यायच्या.

किल्ल्या ठेवायला काकूंच्या नवऱ्यानं एक फळी करून दिली होती. तो कारखान्यात फिटर. चार खिळे ठोकून मोकळं होणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. त्यानं खोक्याची फळी घासून गुळगुळीत केली, पितळी हुक ओळीनं बसवले आणि प्रत्येक हुकाखाली घराचा नंबर कोरला. दाराच्या आत, छत्रीच्या खुंटीशेजारी ती फळी लागली आणि तिच्यावर सगळी गल्ली लटकली. काकूंना त्याचं फारसं कौतुक वाटलं नाही. त्या तशाही दिवसभर घरातच बसून असायच्या, मग किल्ल्या त्यांच्याकडे नाही तर कुणाकडे ठेवणार?

पण किल्लीबरोबर बाकीचंही आपोआप गळ्यात यायचं. कुणी ते ठरवलेलं नव्हतं. वारा सुटला की त्या घराच्या उघड्या खिडक्या लावायच्या, दोरीवरचे कपडे आत घ्यायचे, घड्या घालून पलंगावर ठेवायचे. एखादं पोर शाळेतून ताप घेऊन परतलं तर त्याला दार उघडून द्यायचं. आणि घरात माणूस एकटं असेल, तर त्याच्या स्वयंपाकघराचा पडदा सकाळच्या चहाच्या वेळेपर्यंत सरकला नाही की किल्ली घेऊन आत जाऊन बघायचं. त्यासाठी कुणाला विचारावं लागत नसे. काकू अशा एकदा स्टोअरकीपर आजोबांकडे गेल्या होत्या. आजोबा नुसतेच झोपले होते आणि झोपमोड केली म्हणून काकूंवरच तडकले. पुढल्या खेपेला गेल्या तेव्हा ते तडकले नाहीत. काकूंनी त्यांच्या अंगावर चादर ओढली, मुलाला फोन लावला आणि तो येईपर्यंत खुर्चीत बसून राहिल्या.

काकूंच्या स्वतःच्या घराची किल्ली मात्र समोरच्या घरात असायची, सिस्टरांकडे. सिस्टर कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होत्या. गल्लीतल्या यच्चयावत माणसाला त्यांनी कधी ना कधी सुई टोचली होती, त्यामुळे त्यांच्या वाटेला कुणी जात नसे. दोघी साधारण एकाच वेळी विधवा झाल्या. काकूंची लेक लग्न करून लांब गेली, सिस्टरांचा मुलगा नोकरीसाठी त्याहून लांब गेला. मशीनवर बसलं की काकूंना समोर सिस्टरांच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसायची आणि सिस्टर ओट्यापाशी उभ्या राहिल्या की त्यांना काकू दिसायच्या. त्याला मैत्री वगैरे नाव त्यांनी दिलं नव्हतं. सकाळी पडदा सरकला की काकू मशीनवर हात टाकत, एवढंच.

मग कारखाना बंद पडला. एका दिवसात नाही; आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग भोंगा. रडले सगळेच, पण आपापल्या पाळीप्रमाणे. लोकांना वाटलं, आता वस्ती ओस पडणार. झालं उलटंच. शहर पसरत पसरत इथवर आलं, कारखान्याच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि ज्या घरांकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं ती एकदम 'टुमदार' झाली. टुमदार हा शब्द काकूंनी घरं बघायला आलेल्या एजंटाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. तो त्यांच्या न्हाणीघराबद्दल बोलत होता.

कुणी कुणाला हाकललं नाही, हे सांगायलाच हवं. फोरमननं आपण होऊन घर विकलं, कारण जन्मभर हाडं झिजवून जेवढं मिळालं नसतं तेवढं एका सहीत मिळालं. त्यानं सगळ्यांना हसत हसत मिठ्या मारल्या. मग त्याच्या शेजारचा गेला, मग पलीकडचे दोघे भाऊ गेले. जाताना प्रत्येक जण काकूंच्या खिडकीशी यायचा, डोळे पुसायचा, "येत राहू" म्हणायचा. किल्ली परत न्यायचं मात्र एकालाही सुचलं नाही. घरच विकलं, मग किल्ली कशाला? फळीवर ती तशीच राहिली.

नवे आले ते चांगले लोक होते. तिथेच खरी पंचाईत. शिव्या घालाव्यात असं त्यांच्यात काही नव्हतं. दोघंही नोकरीला, सकाळी दोन गाड्या बाहेर पडायच्या, संध्याकाळी दोन परत यायच्या. सायकली आल्या त्याही व्यायामाच्या. पूर्वी एकेका घरात चार-चार पोरं असायची आणि गल्लीत चेंडूचा आवाज थांबायचा नाही. आता जी दोन-तीन मुलं उरली ती बंद गाडीतून शाळेत जायची आणि बंद गाडीतून परत यायची. गल्लीच्या टोकाची शाळा मुलांअभावी बंद झाली आणि तिथे कुत्र्यांचं पाळणाघर निघालं. तिसरीच्या वर्गाच्या खिडकीतून आता एक दाढीवाला कुत्रा रस्त्याकडे बघत बसायचा. काकूंना तो आवडायचा. त्या वर्गात त्यांच्या लेकीचा बाक त्याच खिडकीखाली होता.

काकूंचं काम बंद पडलं नाही, नुसतं उलटं झालं. पूर्वी लोक कपडे मोठे करून घ्यायला यायचे. गेल्या वर्षीची पॅंट यंदा लांब करा, पोरीचा फ्रॉक सैल करा. काकू शिवणीत चांगली ऐसपैस माया सोडायच्या, म्हणजे पोर वाढलं की उसवून पुन्हा शिवता यायचं. आता लोक कपडे लहान करून घ्यायला यायचे. कंबर बारीक झाली, आत घ्या. पडदे लांब आले, आखूड करा. "आतलं जादा कापड कापून टाका हो, उगाच जाड दिसतं," असं म्हणायचे. काकू "बरं" म्हणायच्या आणि कापून टाकायच्या. पैसे पूर्वीपेक्षा बरे मिळायचे आणि घासाघीस कुणी करायचं नाही. संध्याकाळी हातात पैसे घेऊन त्या बसायच्या तेव्हा त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण तसं काही होत नसे. वाईटही वाटत नसे. दुपारी जास्त झोपून उठल्यावर डोकं असतं तसं त्यांचं बारा महिने असायचं. लेक रविवारी फोन करून विचारायची, "आई, बरी आहेस ना?" काकू म्हणायच्या, "मला काय धाड भरलीय?"

फोरमनच्या घरात जी जोडी राहायला आली तिच्यातल्या बाईला काकू आणि सिस्टर आपसात 'धावणारी' म्हणत. ती रोज पहाटे धावायची, पाऊस असो थंडी असो, आणि जाता जाता काकूंच्या खिडकीकडे बघून हात हलवायची. चांगली पोरगी होती. त्यांनी फोरमनचं घर आतून पार उलटंपालटं केलं, भिंती पाडल्या, छताला काचा लावल्या. मागचं जुनं लाकडी दार तेवढं "किती सुंदर आहे" म्हणून ठेवलं. दार ठेवलं म्हणजे कुलूपही ठेवलं, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

एका दुपारी धुळीचा वारा उठला. धावणारीच्या मागच्या अंगणात पांढऱ्या रजया वाळत घातलेल्या होत्या आणि वरची खिडकी सताड उघडी होती. काकूंनी मशीन थांबवलं. त्यांनी काही विचार केला असं म्हणता येणार नाही. हात फळीकडे गेला, फोरमनच्या हुकावरून किल्ली निघाली आणि त्या मागच्या दारानं आत गेल्या. रजया आत घेतल्या, खिडक्या लावल्या, रजयांच्या घड्या घालून पलंगावर ठेवल्या. घरातलं पांढरं कुत्रं शेपटी हलवत त्यांच्या मागोमाग जिना चढलं आणि उतरलं. ते एकदाही भुंकलं नाही. कोपऱ्यातल्या कॅमेऱ्यानं मात्र आपलं काम केलं.

संध्याकाळी नवरा-बायको दोघं काकूंच्या दारात आली. धावणारीचा चेहरा उतरलेला होता.

"काकू, तुमचा हेतू चांगला होता, ते कळतंय आम्हाला," ती म्हणाली.

"बरं," काकू म्हणाल्या.

"पण ऑफिसात बसले होते आणि फोनवर दिसलं, घरात कुणीतरी फिरतंय. माझे हातपायच गळाले हो."

"वारा सुटला होता."

"हो, पण काकू, रजया खराब झाल्या असत्या तर झाल्या असत्या ना."

काकूंनी तिच्याकडे नीट पाहिलं. रजई खराब झाली तर झाली, असं म्हणणारं माणूस त्यांनी या गल्लीत प्रथमच पाहिलं होतं. त्यांनी किल्ली पुढे केली. नवऱ्यानं ती घेतली आणि तेवढ्यात त्याची नजर फळीवर गेली.

"अरे बापरे," तो म्हणाला. "या सगळ्या चालतात?"

"काय माहीत," काकू म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

त्यानं फळीचा फोटो काढला. वाईट मनानं नाही; इतरांना सांगायला हवं म्हणून. गल्लीतल्या घरमालकांचा फोनवर एक गट होता, त्यात तो फोटो गेला. दुसऱ्या दिवसापासून एकेका दारावर कुलूपवाला दिसू लागला. काकूंनी प्रत्येकाला तेच सांगितलं: यापुढे कुणाच्या घरात पाऊल टाकणार नाही, काही वाटलंच तर आधी फोन करीन. काकूंनी शब्द दिला की तो पाळायच्या. त्याचा त्यांना अभिमान वगैरे नव्हता, ती सवय होती.

त्याच गटात सिस्टरांचा मुलगाही होता. आईचं घर त्याच्या नावावर, म्हणून. त्याला त्या फोटोत आपल्या घराची किल्ली लटकलेली दिसली. काकूंवर त्याचा राग नव्हता, त्यांना तो लहानपणापासून मावशी म्हणायचा. पण फोटो आता कुणाकुणाच्या फोनमध्ये असेल ते सांगता येत नव्हतं. पुढच्या सुट्टीत येऊन त्यानं पुढच्या दाराला आकड्यांचं कुलूप बसवलं आणि मागच्या दाराला आतून भरभक्कम अडसर ठोकला.

"अंगठा टेकवला की उघडतं," सिस्टर काकूंना दाखवत म्हणाल्या. "जन्मभर लोकांना मी सांगितलं, हात पुढे करा. आता मेलं हे दार मला सांगतं."

"नंबर काय आहे?" काकूंनी विचारलं.

"मला कुठे माहितेय? तो त्याच्याकडे. म्हणाला, आई, तुला कुणी गोड बोलून विचारलं तर तू सांगून बसशील." सिस्टर हसल्या. "पडदा आहे ना अजून? तो तर मीच सरकवते."

पडदा होता. पण पडदा बघून पुढे करायचं काय, हा प्रश्न होता आणि दोघींनी तो बोलून दाखवला नाही. थोड्याच दिवसांनी एका सकाळी पडदा लवकर सरकला नाही. काकूंनी शब्दाप्रमाणे आधी सिस्टरांना फोन केला. कुणी उचलला नाही. मग मुलाला केला. तो मीटिंग सोडून बाहेर आला आणि त्याचं "हॅलो, मावशी, काय झालं" चालू असतानाच समोरचं दार उघडून सिस्टर ओल्या केसांनी बाहेर आल्या. डोक्यावरून न्हात होत्या. त्यांना हसू आवरेना. मुलाला काही हसू आलं नाही.

"मावशी, तू आहेस म्हणून तर मला घोर नाही," तो म्हणाला, "पण जरा वाट बघत जा ना. मी इथे किती लांब आहे."

"बरं," काकू म्हणाल्या.

मग तो दिवस आला. धावणारीकडे पाहुणे यायचे होते आणि बैठकीच्या खोलीचे पडदे संध्याकाळपर्यंत हवे होते. रजयांच्या प्रकरणानंतर तिनं काकूंना मुद्दाम जास्तीच काम द्यायला सुरुवात केली होती. काकूंना ते कळत होतं आणि त्या मुकाट्यानं घेत होत्या. पडदे जडशीळ, पांढरे, लांबलचक. काकू उजाडताच मशीनवर बसल्या. गल्ली इतकी चिडीचूप असायची की मशीनचा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत यायचा. पूर्वी पोरांच्या गलक्यात तो त्यांचा त्यांनाही ऐकू येत नसे.

चहाची वेळ झाली आणि समोरचा पडदा बंदच होता. काकूंनी पाय थांबवला. खिडकीतून बघितलं. फोन उचलला, सिस्टरांना लावला, तो वाजत राहिला. न्हात असतील, त्यांना वाटलं. गेल्या वेळेला असंच झालं होतं. सिस्टर रात्रीची गोळी घेत, तीही कधी कधी सकाळपर्यंत उतरत नसे. मुलाचं "जरा वाट बघत जा" कानात होतंच. मांडीवर अर्धा शिवलेला पडदा होता. समोर बघत किती वेळ बसल्या कोण जाणे, मग त्यांनी कापड सारखं केलं आणि पाय परत चालू केला.

एक पडदा झाला. दुसरा झाला. ऊन खिडकीवरून सरकून भिंतीवर गेलं, तेव्हा काकू उठल्या. उठताना त्यांनी फळीवरून सिस्टरांची किल्ली घेतली. रस्ता ओलांडला. दारासमोर उभ्या राहून किल्ली पुढे केली, तर ती घालायला दारात भोकच नव्हतं. तिथे एक काळी काच होती आणि काचेत काकूंचा स्वतःचा चेहरा. त्यांनी घंटा वाजवली. दार थोपटलं. "सिस्टर," अशी हाक मारली. गल्लीत त्या वेळी काकू सोडून कुणीही नव्हतं. सगळी घरं आपापल्या कामावर गेलेली. मग त्यांनी मुलाला फोन लावला. त्यानं तो दोनदा कापला आणि तिसऱ्यांदा उचलला.

"मावशी, मीटिंगमध्ये आहे ग."

"पडदा सरकला नाही," काकू म्हणाल्या. "ऊन वर आलंय."

तो मीटिंगमधून बाहेर आला. मग म्हणाला, "थांब. मी उघडतो."

काकूंना वाटलं, हा काय उघडणार, हा तर कुठल्या कुठे बसलाय. तेवढ्यात दारातून बारीक घरघर झाली आणि ते बोटभर आत गेलं. एवढ्या लांबून त्यानं दार उघडलं होतं. काकूंच्या हातात ती जुनी किल्ली तशीच होती.

सिस्टर ओट्याखाली पडलेल्या होत्या. एक पाय भलतीकडेच वळलेला. डोळे उघडे होते आणि ते डोळे काकूंकडे वळले, तेव्हा काकूंचा जीव भांड्यात पडला. शेजारी चहाचं पातेलं पालथं पडलं होतं. फोन बाहेरच्या खोलीत होता. सिस्टरांच्या ओठांना कोरड पडली होती. काकूंनी रुमाल ओला करून त्यांच्या ओठांना लावला आणि मुलानं बोलावलेली दवाखान्याची गाडी येईपर्यंत त्यांचा हात धरून फरशीवर बसल्या.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, मुलगा आला. चार दिवसांनी काकू दवाखान्यात गेल्या तेव्हा सिस्टर उशांना टेकून बसलेल्या होत्या आणि सलाईन नीट लावलं नाही म्हणून तिथल्या नर्सला झापत होत्या. काकूंना बरं वाटलं. नर्स गेल्यावर त्यांनी स्टूल पुढे ओढलं.

"पडलीस कधी?"

"उजाडताना. पातेलं काढायला वाकले आणि गेलेच."

"हाक मारायचीस."

"मारली ग. आवाजच फुटेना. पण तुझं मशीन ऐकू येत होतं. म्हटलं, बसलीय ही. बघेल."

काकू सिस्टरांच्या पांघरुणाची कड दुमडत राहिल्या.

"मध्ये थांबलं होतं ना मशीन," सिस्टर म्हणाल्या. "तेव्हा मला वाटलं, आलीस."

काकूंचा हात थांबला.

"मग परत चालू झालं."

सिस्टरांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पेशंटचा ताप किती आहे ते डॉक्टरांना सांगावं तसं त्यांनी सांगितलं. काकूंना वाटलं, आता आपल्याला रडू येईल. त्यांनी वाट पाहिली. रडू आलं नाही.

"पडदे द्यायचे होते," त्या म्हणाल्या.

"हो ग," सिस्टर म्हणाल्या. "मला वाटलंच."

पुढचं सगळं सरळ झालं. आई आता एकटी राहू शकत नाही, हे सांगायला मुलाला तोंड उघडावं लागलं नाही. घर महिन्याभरात गेलं. गिऱ्हाईक आधीच रांगेत उभं होतं. जायच्या दिवशी गाडी दारात आली. सिस्टरांना उचलून मागच्या सीटवर बसवलं, पायाखाली उशी दिली. काकू खिडकीशी गेल्या. सिस्टरांनी पर्समध्ये बराच वेळ हात घालून ठेवला आणि काकूंच्या घराची किल्ली बाहेर काढली.

"ही घे."

"राहू दे तुझ्याकडे."

"तिथे अकराव्या मजल्यावर काय करू तिचं?" सिस्टर म्हणाल्या. "तुला काय झालं तर मी काय तिथून दार उघडणार आहे?"

मुलगा गाडीच्या पलीकडच्या बाजूला उभा होता. तो खाली बघू लागला. काकूंनी किल्ली घेतली. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत त्या उभ्या होत्या, मग घरात येऊन ती किल्ली कुठे लावावी ते त्यांना कळेना. फळीवर सगळ्यांच्या घराला हुक होता, त्यांच्या घराला नव्हता. नवऱ्यानं करताना तो धरलाच नव्हता. आपली किल्ली आपल्याच घरात कशाला लटकवायची? शेवटी त्यांनी ती सिस्टरांच्या हुकावर, सिस्टरांच्या किल्लीवरच अडकवली.

त्या दिवसापासून काकू दाराला कडी लावत नाहीत. दिवसा नाही आणि निजतानाही नाही. आपला पडदा सरकला नाही तर येणाऱ्याला किल्ली लागू नये, एवढाच त्यांचा हिशेब. येणार कोण, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. गल्लीनं आता एक रखवालदार ठेवला आहे. तो सुरुवातीला दोन-चारदा येऊन सांगून गेला, "काकू, दार उघडं राहतंय तुमचं, कॅमेऱ्यात दिसतं." काकू "बरं" म्हणाल्या. मग त्यानं सांगायचं सोडून दिलं.

सिस्टर कधी कधी फोन करतात. तिथे खिडकीतून फक्त दुसऱ्या खिडक्या दिसतात, म्हणतात. त्यांच्या घरात जे नवीन आले त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा नको, पट्ट्यांचे ब्लाइंड्स हवेत म्हणून मापं घ्यायला काकूंनाच बोलावलं होतं. काकू गेल्या, दारात चपला काढल्या, ओट्यापाशी उभ्या राहून मापं घेतली. तिथून आपलं मशीन इतकं स्वच्छ दिसतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

काम आहे, कमी झालेलं नाही. पण मशीन पूर्वीसारखं सलग चालत नाही. वीतभर शिवण झाली की काकू पाय उचलतात आणि कान देऊन बसतात. समोर दिवसभर कुणीच नसतं, ती माणसं सकाळीच गाडी काढून जातात, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. तरी थोडं थांबतात. काही ऐकू येत नाही. मग कापड सारखं करतात आणि परत सुरू करतात. परवा धावणारी पडदे न्यायला आली तेव्हा ते झालेले नव्हते.

"काकू, हल्ली जरा वेळ लागतो का हो?" तिनं अगदी आपुलकीनं विचारलं.

"लागतो," काकू म्हणाल्या.